पेटीतली खोड

सुबराव लवट्यांना आवाज परत मिळाला त्या दिवशी लवटेवस्तीवर पेढे वाटले गेले आणि पेटीला हळदकुंकू लागलं. 'आत ओल जाईल, लावू नका,' असं पेटी बसवायला आलेल्या तरुणानं सांगून पाहिलं. पण तानूबाईंपुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे, तिथे त्या बिचाऱ्याचं काय चालणार! त्यांनी पेटीला उदबत्ती ओवाळली, नवऱ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या आणि मगच त्या म्हणाल्या, "आता बोला."

खाटेशेजारच्या फळीवर ठेवलेली पेटी किंचित खरखरली आणि तिच्यातून आवाज आला, "तानू, च्या ठेव."

तानूबाई होत्या तिथेच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. चहा ठेवायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही.

आवाज हुबेहूब सुबरावांचा होता. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात उभी हयात दलाली केलेला, चार दावणींपलीकडे ऐकू जाणारा, तंबाखूनं खरवडलेला. लोकांनी मोबाइलवर काढलेल्या बाजाराच्या व्हिडिओंतून तो वेचून घेतला होता. सुबरावांच्या मेंदूला झटका आला तेव्हा बुद्धी शाबूत राहिली, शब्द शाबूत राहिले, पण त्या शब्दांना जीभ-ओठांपर्यंत नेणारी वाट तुटली. उजवं अंगही लुळं पडलं. मिरजेच्या डॉक्टर नेर्लेकरांनी त्यांच्या कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागावर, पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पातळ जाळी बसवली. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूचा एक भाग जीभ, ओठ आणि घशाला हुकूम सोडतो. जाळी ते हुकूम टिपते आणि बिनतारी पेटीकडे पाठवते. हा 'च' होता की 'त', हे पेटी ओळखते. ओळखायला शिकते, असं म्हणणं जास्त बरोबर. कारण प्रत्येक मेंदूची तऱ्हा निराळी, आणि आपल्या माणसाची तऱ्हा उमजायला पेटीला कित्येक महिने लागतात. सुबरावांनी तो सराव अगदी घाम गाळून केला होता.

त्यांची मुलगी वैजयंता सांगलीत राहायची. वीजवाटपाच्या संगणकांत कुणी चोरपावलांनी शिरत नाही ना, यावर नजर ठेवणं हे तिचं काम. थोडक्यात, यंत्रांवर संशय घेण्याचाच तिला पगार मिळायचा. वडिलांच्या पेटीवर मात्र तिनं कधी संशय घेतला नाही. दर रविवारी चालक नसलेल्या एस.टी.नं ती आटपाडीला यायची, तिथून वस्तीवर, आणि दारातूनच ओरडायची, "आबा, कसं काय?"

"लई बरं हाय बघ," पेटी म्हणायची.

तेवढं ऐकलं की तिचा पुढचा आठवडा सुखाचा जायचा. अशी जाळी पहिल्यांदा ज्या कुणी बनवली, त्या अनोळखी माणसांना ती मनातल्या मनात हात जोडायची. त्यांची नावं तिला ठाऊक नव्हती, पण ती माणसं आपल्या नात्यातली आहेत असंच तिला वाटायचं.

नवल एवढंच, की आबा फार गोड झाले होते. झटक्याआधीचा हा माणूस महातोंडाळ. भाकरी जाड झाली, बाज टोचते, पंखा कुरकुरतो, जावई कमी बोलतो, सरकार झोपलंय, सगळ्यांवर ताशेरे. पेटीतले सुबराव मात्र तक्रार म्हणून करत नसत. आमटी अळणी झाली तरी "झ्याक झालीया." सुरुवातीला तानूबाई हरखल्या. "द्येवानं आवाज दिला आन् सोभावबी धुऊन दिला," असं त्या शेजारणींना सांगायच्या. पुढे पुढे मात्र त्या आमटीत मीठ घालायचं मुद्दाम विसरू लागल्या. भांडण नाही म्हणून घर त्यांना खायला उठायचं.

शिवाय एक विचित्रच गोष्ट होत होती. पेटी 'बरं हाय' म्हणायची आणि त्याच वेळी आबा जोरजोरात मान हलवायचे. डोळे वटारायचे. डाव्या हातानं खाटेवर बुक्क्या मारायचे. लिहून दाखवावं, तर शाळेशी त्यांची ओळख दुसरीपर्यंतची, त्यात लिहिता हात गेलेला. वैजयंतानं डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "झटक्यानंतर खुणा उलटसुलट होऊ शकतात. हो म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणते. चिडचिडही होते. पेटी थेट मेंदूतून घेते, तिच्यावर विश्वास ठेवा." चिडचिडीवर त्यांनी एक गोळी लिहून दिली. मग सगळ्यांनी पेटीवर विश्वास ठेवला आणि आबांना गोळी दिली.

आबांनी आणखी एक खूळ काढलं होतं. वैजयंता शेजारी बसली, की खांद्यावरचा टॉवेल ते तिच्या हातावर टाकायचे, आपला डावा हात त्याखाली सरकवायचे आणि तिची बोटं धरायचे.

जनावरांच्या बाजारातली ही जुनी रीत. आता बैलाच्या कानातल्या बिल्ल्यावर मोबाइल धरला की त्याच्या आजा-पणजापर्यंतची माहिती पडद्यावर येते आणि सौदाही पडद्यावरच होतो. पण आबांच्या उमेदीच्या काळात दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरायचे. तोंडानं काहीही चाललेलं असो, खरं बोलणं बोटांनी व्हायचं. अमुक बोटं धरली की अमुक भाव, अख्खा पंजा आवळला की सौदा पटला. भोवती सगळा बाजार उभा असला तरी ताकास तूर लागत नसे. वैजयंता शाळकरी असताना सुट्टीत आबांबरोबर बाजारात जायची आणि लिंबाखाली बसून आबा तिला गंमत म्हणून त्या खुणा शिकवायचे.

"आबा पोचले बघ खरसुंडीला," ती आईला हसत सांगायची, आणि टॉवेलाखाली त्यांची बोटं दाबत विचारायची, "बोला, काय द्यायचं खोंडाचं?"

"बरं हाय गं पोरी," पेटी म्हणायची.

आबा टॉवेल भिरकावून भिंतीकडे तोंड करायचे. उतारवयात माणूस आपल्या उमेदीत परत जातो, असं वैजयंता आईला समजावून सांगायची आणि दोघींचे डोळे भरून यायचे. इतक्या मायेनं इतका चुकीचा अर्थ क्वचितच कुणी लावला असेल.

चैत्रातल्या एका दुपारी आबांनी तिची बोटं धरली नाहीत. टॉवेलाखाली त्यांनी तिचा तळवा उलगडला आणि त्यावरून आपल्या अंगठ्याचं नख ओढलं. थांबले. पुन्हा ओढलं, या वेळी अगदी ओरखडा उठेल असं.

वैजयंता हसायला गेली आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

तिला एक पांढराशुभ्र खिलार बैल आठवला. शिंगं अशी, की बघत राहावं. म्हसवडचा एक ओळखीचा शेतकरी तो घ्यायला आला होता आणि आबा बैलाच्या धन्याकडून दलाल होते. "असला बैल साऱ्या माणदेशात दुसरा न्हाई!" आबा बाजार दणाणून सोडत होते. टॉवेलाखाली मात्र त्यांनी त्या शेतकऱ्याच्या तळव्यावर नख ओढलं. शेतकरी मान डोलावत निघून गेला. येताना छोट्या वैजूनं विचारलं होतं, "त्या खुणंचा अर्थ काय?" आबा म्हणाले होते, "जनावरात खोड हाय. ह्यो बैल औताला बसतोय, उठत न्हाई." मग तिनं आणखी विचारलं होतं, "मग तुम्ही खोटं बोलला?" त्यावर आबा म्हणाले, "वैजे, तोंड तवा धन्याचं हुतं. त्यानं बोलायला लावलं ते बोललो. हात माझा हुता."

आबांनी तिचा हात टॉवेलासकट ओढला आणि फळीवरच्या पेटीवर नेऊन ठेवला. पुन्हा तळव्यावर नख. मग तोच हात त्यांनी आपल्या कानामागे, जाळी बसवली होती त्या बाजूला नेला. तिथली कातडी तव्यासारखी तापली होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "पेटीत खोड आहे?"

आबांनी तिचा अख्खा पंजा आवळला. आणि त्याच वेळी, त्यांच्याच तंबाखूच्या आवाजात, पेटी म्हणाली, "पेटी लई ग्वाड हाय, वैजे."

"हे तुम्ही बोललात आत्ता?"

नख.

आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतके दिवस आपल्याच तोंडून परक्याचं बोलणं ऐकत हा माणूस त्या खाटेवर पडून होता. वैजयंतानं त्यांच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि ती म्हणाली, "कळलं मला, आबा. उशिरा कळलं, पण कळलं."

पेटीच्या कंपनीला तिनं लगेच फोन लावला. पलीकडच्या माणसानं दुरूनच पेटीची तपासणी केली. "सगळं हिरवं दिसतंय, मॅडम. पेटी म्हणते ती ठणठणीत आहे." वैजयंतानं फोन ठेवला आणि आपल्या कचेरीतल्या मुश्ताक शिकलगारला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुश्ताक आपली हत्यारांची पिशवी घेऊन वस्तीवर हजर झाला. तानूबाईंनी पुढ्यात ठेवलेल्या पोह्यांना न्याय दिल्याशिवाय तो कामाला लागला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

त्यानं पेटीला काही विचारलंच नाही. पेटीतून इंटरनेटकडे जाणाऱ्या तारेवर मध्येच एक छोटं यंत्र बसवलं, जे फक्त बघत राहील. पेटीच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे ती दिवसातून एकदा कंपनीला तब्येतीचा अहवाल पाठवत होती, बाकी काही नाही. तारेवर मात्र निराळंच चाललं होतं. प्रत्येक संगणक मधूनमधून बाहेर विचारत असतो, किती वाजले? उत्तर आलं की आपलं घड्याळ जुळवून घेतो. या निरोपांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. ही पेटी सारखी वेळ विचारत होती, आणि तिचे प्रश्न वेळ विचारण्यापुरते नव्हते, चांगले लांबलचक होते. त्यांच्या पोटात काहीतरी भरून बाहेर जात होतं. उत्तरांच्या पोटातूनही काहीतरी आत येत होतं.

"हिला वेळेची फार काळजी दिसते," मुश्ताक म्हणाला.

मग त्यानं पेटी बंद केली, आतली साठवण बाहेर काढली आणि आपल्या स्वच्छ संगणकाला जोडली. पेटीनं स्वतः दाखवलेल्या फाइली एका बाजूला, बाहेरून वाचलेल्या दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू कितीतरी लांब होती.

"रूटकिट," वैजयंता पुटपुटली. "गाभ्यात बसलेलं."

"म्हंजी काय गं?" तानूबाईंनी विचारलं. नवऱ्याच्या पेटीचा कोथळा बाहेर काढलेला पाहून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

वैजयंता आईजवळ सरकली. "आई, समज घरात एक कोठार आहे आणि त्याची किल्ली एकट्या कारभाऱ्याकडे. सुनांना, पोरांना, कुणालाही आत जायची सोय नाही. ज्वारी किती उरली, ते कारभाऱ्याला विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं. संगणकात असा एक कारभारी असतो, त्याला कर्नल, म्हणजे गाभा, म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्यालाच विचारतात. आत कोणत्या फाइली आहेत, कोण काम करतंय, बाहेर काय गेलं. चोर साध्या प्रोग्राममध्ये शिरला तर कारभारी त्याला पकडून देतो. पण हा चोर कारभाऱ्याच्याच अंगात शिरलाय. आत चोराची पोती आहेत का म्हणून विचारलं, की तेवढी पोती वगळून बाकीची यादी सांगतो. चोर पकडायला येणारा प्रोग्रामही बिचारा त्यालाच विचारतो. म्हणून कंपनीला सगळं हिरवं दिसलं. कोठाराची मागची भिंत फोडून आत डोकावलं, तरच खरं कळतं. मुश्ताकनं तेच केलं."

"म्हंजी माझ्या धाकट्या दिराचा कारभार," तानूबाई म्हणाल्या. त्यांना पुरतं समजलं होतं.

"पण मग त्यास्नी गप का क्येलं? त्या चोराचं काय घोडं मारलं हुतं ह्यांनी?" त्यांनीच पुढे विचारलं.

याचं उत्तर मिरजेत मिळालं. आबांना त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. डॉक्टर नेर्लेकरांनी तपासणी केली आणि त्या खुर्चीत बसल्या. जाळीखाली सूज आली होती. खरं तर माणूस बोलेल तेव्हाच जाळीनं काम करायचं. पण चोरांना मेंदूतले कच्चे संकेत हवे होते, माणसांच्या मनातलं वाचणारी यंत्रं घडवणाऱ्या कुणाला तरी विकायला. म्हणून आबा झोपलेले असतानाही ते जाळीला अखंड राबवत होते आणि ती तापत होती. तक्रार झाली असती, तर पेटी दुरुस्तीला गेली असती, उघडली गेली असती, चोर सापडला असता. लपून राहायचं, हा तर या जातीच्या प्रोग्रामचा पहिला नियम. तेव्हा आबांच्या वाक्यात दुखणं, तापणं, त्रास, कमी, वाईट असलं काही आलं, की ते वाक्य गिळायचं आणि त्याच्या जागी काहीतरी गोड बोलायचं. आबांशी त्याचं वैर नव्हतं. आबा कोण, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"आणखी काही आठवडे गेले असते, तर मी काही करू शकले नसते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला. "मान नाही म्हणत होती आणि मी गोळी लिहून दिली. माझं चुकलं, तानूबाई."

तानूबाईंनी त्यांचा हात धरला. "तुमी जाळी बसवली म्हणून 'च्या ठेव' तरी ऐकलं म्या. ते कसं इसरू?"

लपवलेल्या साठ्यात आबांचे जुने संकेत, बाहेर पाठवण्यासाठी रचून ठेवलेले, तसेच पडून होते. ते वाचायचं साधन डॉक्टरांकडे होतं, पेटीशी आणि बाहेरच्या जगाशी संबंध नसलेलं; पेटीनं शिकलेली आबांची तऱ्हा तेवढ्यापुरती त्यात घेतली. आबांना विचारून, त्यांनी पंजा आवळल्यावरच, मुश्ताकनं ते चालू केलं. खाटेवर आबा, भोवती हे चौघे.

"डोकं तापतंय."

"वैजे, ह्ये काढ. काढ म्हंतो न्हवं."

"आमटीत मीठ न्हाई, तानू. आजबी न्हाई."

"मला वाटलंच!" तानूबाई ओरडल्या. रडत होत्या की हसत, सांगणं अवघड होतं.

"च्यात साखर कमी हाय."

"पंखा तेल मागतोय, कुणाला ऐकू येतं का न्हाई?"

अशी ती मालिका चालली होती. आबांचा खराखुरा, कुरकुऱ्या, लाडका आवाज. वैजयंताला वाटलं, इतकं सुंदर किरकिरणं आपण जन्मात ऐकलं नव्हतं. आणि मग मध्येच, बाकीच्यांपेक्षा हळू:

"तानू, माझ्यापायी तुजं लई हाल झालं. जलमभर तरासच दिला मी तुला. तू हायस म्हणून मी हाय."

मुश्ताकनं मालिका तिथेच थांबवली.

"हे का गिळलं त्यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाल आलं, त्रास आला," मुश्ताक चष्मा काढून पुसत म्हणाला. "त्याला ती तक्रार वाटली. यंत्र आहे ते. कृतज्ञता कशी बोलतात, हे त्याला कुणी सांगितलं असणार?"

"सकाळी अंग पुसत हुते मी," तानूबाई एकदम म्हणाल्या. त्यांना ती सकाळ आठवली होती. "ह्ये कायतरी बोलणार असं त्वांडावर दिसत हुतं. आन् पेटी म्हनली, 'झ्याक झालीया.' मी म्हनलं, काय झ्याक झालीया, अजून च्याबी ठेवला न्हाई!" त्या आबांच्या पायाशी बसल्या आणि त्यांची पावलं मांडीवर घेतली.

आता खरा पेच उभा राहिला. जाळी काढावी लागणार, हे ठरलंच. सूज उतरल्यावर दुसरी बसवता आली असती. पण पेटीनं आबांची जी तऱ्हा महिनोन्‌महिने शिकून घेतली होती, ती त्याच साठवणीत होती. चोर त्या शिकण्याच्या आतही दडून बसला असेल तर? कंपनीनं घाईघाईनं निरोप पाठवला, की काही पुसायची गरज नाही, दुरूनच एक दुरुस्ती पाठवतो. वैजयंतानं तो वाचला आणि बाजूला ठेवला. ती दुरुस्ती गाभ्यालाच विचारणार होती, बाबा रे, तुझ्यात चोर आहे का? सगळं पुसून पेटी कोरी करणं एवढाच खात्रीचा मार्ग होता. पण आबा आता थकले होते. पुन्हा इतका सराव त्यांना झेपेल, पुन्हा आवाज येईल, याची खात्री डॉक्टरही देत नव्हत्या.

"नका गं पुसू," तानूबाई आधी म्हणाल्या. "त्या किड्याला दडपून ठेवा कसंबी. त्यांचा आवाज ग्येला तर?"

वैजयंतानं त्यांना समजावलं नाही. तिनं आबांच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला आणि स्वतःच्या हातावर टाकला. या वेळी तिनं टाकला होता, आबांनी नव्हे.

"आबा, सौदा सांगते. पेटी पुसायची. मग बरेच दिवस आवाज नाही. परत येईल असा माझा अंदाज, पण जबान देत नाही. नाही पुसली तर आवाज राहील, पण तो तुमचा आहे की नाही, ते मला कधीच कळणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

आबा बायकोकडे बघत होते. मग त्यांनी वैजयंताचा अख्खा पंजा आवळला, एवढा, की तिच्या बांगड्या रुतल्या.

तानूबाईंनी नाक पुसलं. "बाजारात बायास्नी टावेलाखाली हात घालू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "सरक वैजे. आता मी घालते. शिकव मला."

पुढचे कित्येक महिने लवटेवस्तीवरचं घर मुकं होतं, पण सुनं नव्हतं. भाव, दाम, पंजा, नख, एवढ्या मोजक्या खुणांवर तानूबाईंनी आणि सुबरावांनी आपला संसार चालवला. पुढे नव्या खुणा निघाल्या. करंगळी ओढली की पंखा बंद कर. मनगटावर दोन टिचक्या मारल्या की म्हैस आली बघ. आमटीवर नख तर रोज ओढलं जायचं. एकदा भांडण इतकं रंगलं, की टॉवेल फाटला.

इकडे वैजयंता आणि मुश्ताकनं जे सापडलं ते सगळं सरकारी संगणक-सुरक्षा केंद्राकडे दिलं. अशा पेट्या अनेक घरांत होत्या आणि त्यांतल्या पुष्कळ आतून पोखरलेल्या निघाल्या. नांदेडहून एका बाईंचा फोन आला. त्या नुसत्या रडत होत्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, "माझा भाऊ काल माझ्यावर ओरडला हो. तुमचे उपकार कसे फेडू?" वैजयंता म्हणाली, "माझे नाहीत. माझ्या आबांचा हात आहे तो." त्या बाईंना काय कळलं देव जाणे, पण त्यांनी आबांना नमस्कार सांगायला लावला आणि वैजयंतानं तो टॉवेलाखाली पोचवला.

नवी जाळी बसली. कोरी पेटी पुन्हा फळीवर आली. तानूबाईंनी या वेळी हळदकुंकू लावलं नाही. "आदी परीक्षा घिऊ, मग पूजा," त्या म्हणाल्या. आबा पुन्हा पहिलीच्या वर्गात बसले. 'च' म्हणायचं मनात आणायचं आणि पेटीनं 'त' म्हणायचं. घाम यायचा. कधी दोन दोन दिवस ते पेटीकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग डावा हात हळूच टॉवेलाबाहेर यायचा आणि पेटीकडे बोट दाखवायचा, आण इकडं.

वैजयंता एका रविवारी आली तेव्हा तानूबाई आबांना बशीनं चहा पाजत होत्या. आबांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पेटी खरखरली. दोघी थबकल्या. पेटी पुन्हा खरखरली, अडखळली, आणि तुटक तुटक, अर्धवट आबांसारख्या आवाजात बोलली:

"च्यात... साखर... न्हाई."

तानूबाईंच्या हातातली बशी लवंडली. त्या धावत आत गेल्या आणि साखरेचा अख्खा डबाच घेऊन आल्या. डॉक्टर नेर्लेकरांनी साखर बंद केली होती, हे त्या घटकेला कुणालाही आठवलं नाही. "घालते, दोन चमचे घालते, डबाच उपडा करते," त्या म्हणत होत्या. "आजून बोला. आजून काय वाईट हाय, सांगा सगळं."

"पंखा..." पेटी म्हणाली.

वैजयंता दारातच उभी राहून हसत होती आणि तिचे गाल ओले झाले होते. मग पुढे येऊन तिनं खात्री करायला टॉवेलाखाली हात दिला. आबांनी तिचा तळवा उघडला आणि त्यावरून आपला तळवा सपाट, सावकाश फिरवला. बाजारात याचा अर्थ एकच, जनावर निर्मळ आहे. तिनं मनातल्या मनात सगळ्यांना हात जोडले. जाळी बनवणाऱ्या अनोळखी माणसांना, डॉक्टरांना, पोहे खाणाऱ्या मुश्ताकला, आणि खरसुंडीच्या बाजारातल्या त्या पांढऱ्याशुभ्र, औताला बसणाऱ्या बैलालाही.

आबांनी तिच्या हातावरचा टॉवेल ओढून घेतला आणि तानूबाईंच्या हातावर टाकला. टॉवेल जरासा हलला. बोलायला पेटी होती, तरी त्यांनी हातानंच काहीतरी सांगितलं, आणि ते बरंच लांबलं. "चला, कायतरीच तुमचं," तानूबाई म्हणाल्या, पण हात काढून घेतला नाही. काय बोलणं झालं ते वैजयंतानं विचारलं नाही. सांडलेली बशी उचलून ती नवा चहा ठेवायला आत गेली.